तीन मिनिटांचा डेमो: १४ स्क्रीन राहू देत, एक बिल नीट काढून दाखव

बीसीएच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलंय: "मी गडहिंग्लजजवळच्या गावची, कोल्हापुरात शिकते. दोन आठवड्यांवर आयटी कंपन्यांचा रोजगार मेळावा आहे. आम्ही चौघांनी मिळून दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर केलंय. लॉगिन, सभासद नोंदणी, संकलन, बिल, रिपोर्ट, ग्राफ धरून १४ स्क्रीन आहेत. प्रत्येक टेबलावर तीन-चार मिनिटंच मिळतात म्हणे. त्यात काय दाखवू? एआय चॅटबॉट घातला तर छाप पडेल का? प्रोजेक्ट क्लाउडवर टाकू का? आणि माझं इंग्रजी कच्चं आहे, त्याचं काय करू?"

मी कोल्हापुरातच सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि अशा मेळाव्यांत टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची वेळ बऱ्याचदा येते. त्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगतो. तुला अहो-जाहो करत बसत नाही, राग मानू नकोस.

चॅटबॉट घालू नकोस. खरं तर नवीन काहीच घालू नकोस. राहिलेल्या दोन आठवड्यांत काढून टाकायचं काम जास्त आहे.

समोरचा माणूस सकाळपासून लॉगिन स्क्रीन बघत बसलेला असतो. हजेरी, लायब्ररी, हॉस्पिटल, ऑनलाइन दुकान, परत हजेरी. तुझं सॉफ्टवेअर विकत घ्यायला तो आलेला नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच: हे हिनं स्वतः केलंय का, केलेलं हिला कळलंय का, आणि उद्या काही बिघडलं तर हिला शोधून काढता येईल का. हे तो प्रश्न विचारून काढतो, आणि प्रश्न त्याला समोर जे दिसतं त्यावरूनच सुचतात. तू १४ स्क्रीन फिरवून दाखवल्यास तर तो त्यातल्या कशावरही बोट ठेवेल. बहुतेक वेळा ते बोट नेमकं ग्राफवर पडतं, आणि ग्राफ ग्रुपमधल्या दुसऱ्याच कुणीतरी आदल्या रात्री चिकटवलेला असतो. मग "हा ग्राफ कुठल्या क्वेरीवर चालतो?" या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नसतं आणि तू मेहनतीने लिहिलेला बिलाचा भाग कुणी बघतसुद्धा नाही. उलट एकच काम दाखवलंस, तर प्रश्नही त्या कामाबद्दलच येतात. खासबागेच्या मैदानात पैलवान जसा समोरच्याला आपल्या हातखंड्याच्या डावात ओढतो, तसं मुलाखत घेणाऱ्याला आपल्या आवडीच्या प्रश्नात ओढायचं असतं. डेमोचा उपयोग हाच. मुलाखतीचा विषय ठरवायची पाळी एरवी उमेदवारावर येत नाही, इथे ती येते.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टमधून मी एकच गोष्ट उचलेन: एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल. संध्याकाळी दूध घातलं, नोंद झाली, दर लागला, दहा दिवस संपले, बिल निघालं. बस्स.

तुला हे फार साधं वाटेल, कारण तुझ्या घरी दर दहा दिवसांनी तो कागद येतो. पण पुण्याहून आलेल्या माणसाला दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरतो हेही माहीत नसतं. आपल्या भागात म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून सांगतात, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून, आणि दूध त्याच्या वर-खाली लागलं की दरपत्रकाप्रमाणे दर बदलतो. हे तू दोन वाक्यांत सांगितलंस की समोरचा सरसावून बसतो. त्याला माहीत नसलेलं काहीतरी तुला माहीत आहे, हे त्याला दिसतं.

आता या साध्या बिलात किती गाठी आहेत ते बघ, कारण तुझी खरी तयारी इथेच आहे.

पहिली गाठ दिवसांची. बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघतं. म्हणजे "दहा दिवसांचं" तिसरं बिल कधी १० दिवसांचं, कधी ११, फेब्रुवारीत ८ आणि लीप वर्षात ९ दिवसांचं असतं. कोडमध्ये कुठे तारखेत सरळ १० मिळवले असतील तर ३१ तारखेचं दूध कुठल्याच बिलात येत नाही. तुझ्या कोडमध्ये आत्ता काय होतं ते आज संध्याकाळीच तपास. २०२४ चा फेब्रुवारी घाल आणि २९ तारीख बिलात येते का बघ.

दुसरी गाठ दुबार नोंदीची. गर्दीच्या वेळी एकाच सभासदाची नोंद दोनदा होऊ शकते, म्हणून डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) लावायचा. कशावर? बहुतेक मुलं सभासद क्रमांक आणि तारीख म्हणतात. पण दूध सकाळ-संध्याकाळ असं दोनदा येतं, म्हणून पाळी हवी. आणि ज्याच्या गोठ्यात गाय आणि म्हैस दोन्ही आहेत तो एकाच पाळीला दोन किटल्या आणतो, म्हणून दुधाचा प्रकारही हवा. तारीख, पाळी, सभासद, प्रकार या चौघांवर मिळून तो नियम बसतो. हे पुस्तकात मिळत नाही, संस्थेच्या दारात उभं राहिल्यावर कळतं. म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे.

तिसरी गाठ पैशाची. साडेचार लिटर दूध आणि समजा दर ५२.३५ रुपये. गुणाकार येतो २३५.५७५. आता सभासदाला २३५.५७ द्यायचे की २३५.५८? अर्ध्या पैशाने काय होतंय असं वाटतं, पण २०० सभासद, दोन पाळ्या आणि दहा दिवस धरले की संस्थेच्या एकूण बेरजेत आणि सुट्या बिलांच्या बेरजेत फरक दिसायला लागतो आणि सचिव कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. त्यात संगणकातले दशांश अपूर्णांक मुळातच थोडे गंडलेले असतात. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघ, ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येईल. म्हणून रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अशा अंदाजे दशांश प्रकारात, ठेवत नाहीत. पैशात पूर्णांक ठेव किंवा डेसिमल वापर, आणि कुठल्या टप्प्यावर कसं पूर्ण करायचं ते एकाच फंक्शनमध्ये लिहून टाक.

चौथी गाठ मला सगळ्यात आवडते. दरपत्रक बदललं तर जुन्या बिलाचं काय? बिल काढताना दर डेटाबेसमधल्या दरपत्रकातून शोधत असशील, तर आज दर बदलला की गेल्या महिन्याचं छापून वाटलेलं बिल पुन्हा उघडल्यावर वेगळी रक्कम दाखवतं. नोंद करतानाच त्या नोंदीत तेव्हाचा दर लिहून ठेवला की हा घोळ होत नाही. "मी दर दोन ठिकाणी का ठेवलाय?" या प्रश्नाचं उत्तर ज्या मुलीला नीट देता येतं तिला डेटाबेस डिझाइन कळलंय असं मी धरून चालतो, मग तिला नॉर्मलायझेशनची (एक माहिती एकाच जागी ठेवायच्या नियमाची) व्याख्या पाठ नसली तरी चालते.

या चारही गाठी तीन मिनिटांत सांगायच्या नाहीत. एक दाखवायची, उरलेल्या खिशात ठेवायच्या. दाखवायची ती दुबार नोंदीची, कारण ती डोळ्यांना दिसते.

म्हणजे डेमो असा. लॅपटॉप उघडा, लॉगिन आधीच केलेलं, संकलनाचा स्क्रीन समोर. (लॉगिन दाखवण्यात अर्धं मिनिट घालवू नकोस, पासवर्ड चुकला तर एक मिनिट जातं. आणि सेशन किती वेळाने संपतं ते आधी बघून ठेव. जेवून आल्यावर पहिल्याच टेबलावर "पुन्हा लॉगिन करा" आलं की हात थरथरायला लागतात.) सभासद क्रमांक टाकलास, म्हैस, साडेचार लिटर, फॅट ६.४, एसएनएफ ९.०. दर आपोआप आला. जतन केलं. मग तीच नोंद मुद्दाम पुन्हा टाक. स्क्रीनवर स्वच्छ मराठीत यायला हवं: "या सभासदाच्या म्हशीच्या दुधाची आज संध्याकाळची नोंद आधीच झाली आहे." नंतर बिल उघड, आत्ता टाकलेली ओळ त्यात दाखव, एकूण रक्कम दाखव. आणि थांब.

चूक मुद्दाम करून दाखवणं हा डेमोतला सगळ्यात वजनदार भाग आहे. सगळं सुरळीत चालणारे डेमो आम्ही दिवसभर बघतो. स्वतःच्या सॉफ्टवेअरला स्वतःच अडवणारी मुलं फार थोडी असतात.

पण यात एक सापळा आहे. पहिल्या टेबलावर तू जी नोंद केलीस ती डेटाबेसमध्ये राहिली. दुसऱ्या टेबलावर तीच नोंद टाकायला गेलीस की पहिल्याच झटक्याला "आधीच झाली आहे". तुझाच नियम तुलाच आडवा येणार. म्हणून प्रत्येक डेमोनंतर डेटा मूळपदावर आणणारी एक छोटी स्क्रिप्ट हवी. एसक्यूलाइट वापरत असशील तर हे सोपं आहे, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. स्वच्छ डेटाची फाइल वेगळी ठेव, डेमो झाला की अ‍ॅप बंद करून ती जुन्या फाइलवर कॉपी कर. मायएसक्यूएल असेल तर डंप (अख्ख्या डेटाची प्रत) घेऊन ठेव आणि तो परत भरायची एका ओळीची बॅच फाइल डेस्कटॉपवर ठेव. एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना ती चालवायची, विसरायचं नाही.

डेटाविषयी आणखी थोडं. "टेस्ट १", "एबीसी", मोबाइल नंबर सगळे नऊ असा डेटा दिसला की बघणाऱ्याचा विश्वास निम्मा उडतो. नावं आपल्याकडची घाल: पाटील, कांबळे, चौगुले, मुल्ला. आकडे खऱ्यासारखे घाल. एका पाळीला ८० लिटर दूध घालणारा सभासद किंवा ९ फॅट लागणारी गाय दिसली, तर इथला कुणीही माणूस हसेल. मात्र गावच्या संस्थेची खरी वही उतरवू नकोस. खऱ्या सभासदांचे फोन आणि बँक खाते क्रमांक लॅपटॉपवर घेऊन मेळाव्यात फिरणं बरं नव्हे. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि "हा डेटा कुठून आणला?" असं विचारणारे लोक आता टेबलावर असतात. "नावं मी बनवलेली आहेत, आकड्यांचं प्रमाण संस्थेच्या सचिवांना विचारून ठरवलं" हे उत्तर तयार ठेव, आणि ते खरं असू दे. म्हणजे येत्या रविवारी गावी गेलीस की बिलाचा प्रिंट घेऊन सचिवांकडे जा. ते पाच मिनिटांत जे काढतील ते कॉलेजच्या व्हायवात निघालं नसेल: पशुखाद्याची कपात कुठाय, मागची उचल कुठाय, फाटलेलं दूध कसं दाखवायचं. सगळं बसवत बसू नकोस. एखादी कपात बसव आणि बाकीच्यांची यादी ठेव. "अजून काय राहिलंय?" या प्रश्नाला ती यादी म्हणजे तयार उत्तर.

क्लाउडचं विचारलंयस. टाक, पण डेमो त्यावर देऊ नकोस. मेळाव्याच्या हॉलमध्ये शेकडो मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असतात, हॉलचं वायफाय असलं तरी त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. शिवाय फुकट होस्टिंगच्या काही सेवा वापर नसला की सर्व्हर झोपवतात. रेंडरची फुकट सेवा १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की बंद होते आणि पुन्हा उठायला मिनिटभर घेते. तुझ्या तीन मिनिटांतलं एक मिनिट गोल फिरणारं चक्र बघण्यात जाईल. सगळं लॅपटॉपवरच चालव. लिंक बायोडेटावर असू दे, घरी जाऊन बघणाऱ्यासाठी.

"लॅपटॉपवरच चालतं" याची खात्री करायची पद्धत एकच: वायफाय बंद कर, ब्राउझरची कॅशे पुसून टाक, लॅपटॉप रीस्टार्ट कर आणि मग डेमो चालव. तुला कळेल की बूटस्ट्रॅप (पानाची सजावट करणाऱ्या तयार फाइल) आणि गुगलचे फॉन्ट नेटवरून येत होते आणि आता तुझं सुंदर पान उघडंबोडकं दिसतंय. त्या फाइल डाउनलोड करून प्रोजेक्टमध्येच ठेव. चार्टची लायब्ररी, आयकॉन, सगळ्यांचं तेच.

मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं असतं. मायएसक्यूएलमधलं टेबल जुन्या लॅटिन (इंग्रजीसारख्या लिपीच्या) सेटिंगवर बनलेलं असेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. टेबल यूटीएफ८एमबी४ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या सेटिंगवर असू दे. बिलाची पीडीएफ कोडमधून बनवत असशील तर जोडाक्षरं नीट बघ. पीडीएफच्या पुष्कळ लायब्रऱ्यांना देवनागरी जुळवता येत नाही, "पंडित"मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, "म्हशीचे"मधला म पाय तुटल्यासारखा दिसतो. सोपा उपाय असा की बिल एचटीएमएलमध्ये बनव आणि ब्राउझरच्या प्रिंटमधून पीडीएफ काढ, ब्राउझर अक्षरं बरोबर जुळवतो. आणि बिलाचे दोन-तीन छापील कागद सोबत ने. लॅपटॉप दगा देईल तेव्हा ते कामी येतीलच, पण नसला दिला तरी कागद हातात घेतलेला माणूस तो वाचतो आणि प्रश्न विचारतो. स्क्रीनकडे तो नुसता बघतो.

यंत्राची तयारी थोडक्यात. ब्राउझर १५० टक्क्यांवर झूम कर, कारण समोरचा तिरक्या कोनातून बघत असतो. व्हॉट्सॲप वेब बंद, नोटिफिकेशन बंद, विंडोजचं अपडेट आदल्या रात्री उरकून घे. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही ने, टेबलाजवळ प्लग नसतोच. डेमोचा दीड मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेव. लॅपटॉप बसला तर "हा व्हिडिओ बघा" म्हणून मोबाइल पुढे करता येतो. लॅपटॉप भावाचा किंवा मैत्रिणीचा असेल तर त्यावर निदान चार दिवस आधीपासून प्रोजेक्ट चालवून बघ. "माझ्याकडे चालत होतं" हे वाक्य त्या हॉलमध्ये कुणी ऐकून घेत नाही.

आता बोलायचं काय. पहिलं वाक्य "आमच्या प्रोजेक्टचं नाव अमुक आहे आणि यात आम्ही पायथन, फ्लास्क, बूटस्ट्रॅप वापरलंय" असं नको. कुणाचं काम सोपं झालं तिथून सुरुवात कर. असं काहीतरी:

"माझ्या गावच्या दूध संस्थेत सभासदाचं बिल वहीवरून काढतात. एखादी नोंद दुबार झाली तर ती बिल वाटल्यावरच कळते. हे सॉफ्टवेअर ती नोंद करतानाच पकडतं. दाखवते."

"दाखवते" म्हटल्यावर बोलणं कमी आणि हात जास्त. अर्थात तुझ्या गावच्या संस्थेत आधीच संगणकावर बिल निघत असेल तर ही सुरुवात खोटी ठरेल. मग तिथे नेमकं काय अडतं ते विचारून घे आणि ते सांग. ऐकीव अडचणीवर रचलेला डेमो दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

इंग्रजीची भीती निम्मी खरी आहे. ही चार-पाच वाक्यं इंग्रजीत लिही, सोप्या शब्दांत, आणि तोंडात बसवून टाक. पाठ केलेलं वाटलं तरी हरकत नाही, सुरुवात पाठच असावी. पुढचे प्रश्न आले की "मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं सरळ विचार. कोल्हापूर-सांगलीकडच्या कंपनीचा माणूस असेल तर तो बहुधा हसून हो म्हणेल, बाहेरचा असेल तर हिंदी-इंग्रजी मिसळून चालतं. मी स्वतः अडखळत इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा मराठीत नेमकं बोलणाऱ्याला पुढे पाठवतो. पण परदेशी क्लायंटशी रोज बोलायचं काम असेल तर तिथे इंग्रजी बघणारच, ते लपवण्यात अर्थ नाही. तांत्रिक शब्द इंग्रजीतच आहेत, ते चुकीच्या जागी वापरू नकोस एवढं बघ. "एआय", "क्लाउड", "स्केलेबल" हे शब्द तू उच्चारलेस की त्यांची जबाबदारी तुझ्यावर आली.

ग्रुपचं प्रोजेक्ट आहे, म्हणजे "यात तुझा भाग कोणता?" हे विचारणारच. "सगळ्यांनी मिळून केलं" हे उत्तर आम्ही "मी काही केलं नाही" असं ऐकतो. बरोबर वाटत नाही, पण तसंच ऐकलं जातं. तू जे केलंस ते "मी" म्हणून सांग, मैत्रिणीने केलेलं तिच्या नावाने सांग. चौघंही त्याच मेळाव्यात असाल तर आधी बसून वाटून घ्या की कोण काय दाखवणार. चौघांनी एकाच कंपनीच्या टेबलावर ओळीने तेच बिल दाखवलं तर चौथ्याची पंचाईत होते. एकाने बिल, दुसऱ्याने दरपत्रक, तिसऱ्याने सभासदाचं पासबुक असं करता येतं. गिटहबवर तुझ्या नावाचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या तारीखवार नोंदी) असतील तर फार बरं. नसतील तर आता घाईघाईने एका रात्रीत ३० कमिट पाडू नकोस, तारखा दिसतात. आणि पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोडमध्ये राहिली असेल तर नुसती फाइलमधून पुसून चालत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. ती की रद्द करून नवीन घे.

चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतलाय का, हेही विचारतील. घेतला असेल तर सांग, आता त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग पुढचा प्रश्न असा येतो: "बरं, इथे बिलात सरासरी फॅटची ओळ घालून दाखव." तुझ्याच लॅपटॉपवर, पाच मिनिटांत. मी हे नेहमी करायला सांगतो. पूर्ण झालं नाही तरी चालतं, योग्य फाइल उघडली का आणि योग्य फंक्शनपाशी गेली का एवढंच बघायचं असतं. म्हणून रोज एक असा छोटा बदल मैत्रिणीला सुचवायला सांग आणि करून बघ. याच उदाहरणात एक मजा आहे: दहा दिवसांच्या फॅटची साधी सरासरी काढली तर ती चुकते, लिटरच्या वजनाने काढावी लागते. एका पाळीला १ लिटर दूध ८ फॅटचं आणि दुसऱ्या पाळीला ७ लिटर ६ फॅटचं असेल तर सरासरी ७ येत नाही, ६.२५ येते. हे टेबलावर स्वतःहून बोललीस तर माझ्याकडून तुझी पुढची फेरी पक्की.

डेमो संपला की गप्प बस. मुलांना ही शांतता सहन होत नाही, लगेच "अजून एक दाखवते सर" म्हणून ग्राफ उघडतात आणि स्वतःहून आखलेला विषय सोडून देतात. समोरच्याला विचार करू दे. बहुधा यातला एखादा प्रश्न येईल: एका वेळी दोन माणसांनी नोंदी केल्या तर? वर्षभराचा डेटा झाला तर हळू पडेल का? वीज गेली तर?

दोन माणसांचं उत्तर असं: एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, दुसऱ्याला क्षणभर थांबावं लागतं. एका काउंटरच्या संस्थेला ते पुरतं, चार काउंटर झाले तर पोस्टग्रेससारखा सर्व्हरवाला डेटाबेस घ्यावा लागेल. वर्षभराचं उत्तर अंदाजाने देऊ नकोस, करून बघ. २०० सभासद, दोन पाळ्या, ३६५ दिवस म्हणजे १,४६,००० नोंदी. एवढ्या खोट्या नोंदी भरणारी स्क्रिप्ट दहा-बारा ओळींची होते. भर, बिल काढायला किती वेळ लागतो तो मोज, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) लावून परत मोज, आणि दोन्ही आकडे लक्षात ठेव. "मोजून बघितलं" हे दोन शब्द त्या हॉलमध्ये फार कमी ऐकू येतात. विजेचं उत्तर ट्रान्झॅक्शनमध्ये (नोंद पूर्ण होते किंवा अजिबात होत नाही) आहे, ते तू अभ्यासात शिकली आहेस, फक्त दुधाच्या नोंदीला जोडून सांग.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मी बघितलेलं नाही, पण आधी लॉग बघेन, मग त्या तारखेच्या नोंदी काढेन" असं म्हण. कसं शोधशील ते सांगितलंस की बहुतेकांचं समाधान होतं.

तुझ्यासारखेच इतर कुणी हे वाचत असतील आणि विषय अजून ठरला नसेल, तर आपल्याच भागात बघा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रोज किती कास्टिंग रिजेक्ट झालं आणि कशामुळे, एवढी एक नोंदवही चांगला डेमो होते. ब्लो होल (हवेची पोकळी), सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) अशी कारणं आणि त्यांची पाळीवार बेरीज, झालं. इचलकरंजीच्या मागांचा हिशेब घ्या. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, ही दोन अंकांची गोष्ट २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहे. त्यावर "पातळी तासाला किती वाढतेय आणि या वेगाने ४३ ला कधी पोचेल" एवढंच दाखवणारं पान बनवा, आकडे फाइलमधून घ्या. मात्र त्याला पुराचा अंदाज म्हणू नका. धरणाचे दरवाजे आणि वरचा पाऊस तुमच्या सरळ रेषेत नसतो, आणि ते तुम्ही आधीच बोललात तर तुमचीच बाजू वरचढ राहते.

तुझ्या दोन आठवड्यांबद्दल. पहिले तीन-चार दिवस वर सांगितलेल्या गाठी सोडव, त्यातही फेब्रुवारी आणि दुबार नोंद आधी. रविवारी सचिव. मग डेटा, रीसेट स्क्रिप्ट, नेट बंद करून चाचणी. शेवटच्या आठवड्यात कोडला हात लावायचा तो फक्त सरावासाठी, आणि तोही वेगळ्या कॉपीत. रोज दोनदा कुणासमोर तरी डेमो दे. एकदा आईसमोर, एकदा कॉम्प्युटरवाल्या कुणासमोर. आईला बिल कळलं पाहिजे आणि दुसऱ्याला कोड. घड्याळ लाव: अडीच मिनिटांत बिलापाशी पोचली नाहीस तर काहीतरी कापायचं आहे.

मेळाव्याच्या दिवशी सगळ्यात हवी ती कंपनी पहिली गाठू नकोस. आधी एका-दोन टेबलांवर हात मोकळा कर, तिथे काय विचारलं ते मोबाइलमध्ये टिपून ठेव, रीसेट स्क्रिप्ट चालव आणि मग तिकडे जा. मात्र जेवणाच्या सुट्टीच्या आत पोच. दुपारी चारनंतर पुण्याच्या माणसांना परतीच्या गाडीची घाई असते, ते नुसते बायोडेटा गोळा करतात.